प्राणहितेच्या दगडाखालचा बाप्या

वैनगंगेच्या काठावर धिवरांची घरं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी मोठा मासा मारल्याची गोष्ट सांगतो. माझी गोष्ट बोटभर माशाची आहे आणि तोही मी जाळं टाकून मारला नाही, तीन दिवस बघत बसलो. तरी सांगतो की एवढा प्रवास आमच्यातल्या कोणी केला नाही. मी सोमाजी धिवर, शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्या अक्षरावर लिहून काढतो. जे गेले नाहीत त्यांनी वाचावं.

गोंडपिपरी

सुरुवात बाजारात झाली. चैत संपत आला होता. भागी, म्हणजे माझी बायको, मार्गशीर्षात तापाने गेली. तेव्हापासून घरात चूल पेटवायचा कंटाळा येई, म्हणून मी दर बाजाराला गोंडपिपरीला जाऊन बसत असे. त्या दिवशी मासोळीवाल्या बायकांत एक शहरातली बाई फिरताना दिसली. डोळ्यांना चष्मा, पायात कापडी बूट, हातात काचेची बरणी. बरणीत बोटाएवढा मासा उभा बुडवलेला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

बाईंचं नाव प्रभाबाई. नागपूरच्या कॉलेजात पोरांना जीवजंतू शिकवतात. बरणीतला मासा कोकणातल्या समुद्राचा होता. मी विचारलं, एवढा बारका मासा कशाला जपून ठेवला? त्यांनी बरणी उलटी करून त्याचं पोट दाखवलं. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची वाटी झाली होती.

"ह्या वाटीने तो खडकाला चिकटून बसतो," बाई म्हणाल्या. "समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. उतरलं की खडकांच्या खळग्यांत डबकी राहतात. हा त्यातच राहतो. लाट आली तरी सुटत नाही आणि आपलं बीळ सोडत नाही."

दिवसातून दोनदा पूर आणि दोनदा उन्हाळा! आमच्या नदीला त्यासाठी अख्खं वर्ष लागतं. एवढ्याशा जिवाने हे सोसायचं म्हणजे कमाल आहे. मग बाई म्हणाल्या की त्याची मादी दगडाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवते आणि निघून जाते. राखण नर करतो. नदीतले ह्याचे भाऊबंद असंच करतात का, ते बघायला त्या सुटीत इकडे आल्या होत्या. त्यांचे वरचे साहेब म्हणत होते, काही नाही, नदीतले मासे पाण्यात अंडी सोडून मोकळे होतात.

तिथे माझी जीभ सुटली. म्हणालो, "आमच्या नदीत आहे ना बाई तो मासा. बाप्या त्याचं नाव. दिसायले आपल्या रोजच्या खरबी मासोळीसारखा, पण खरबी नाई. वेगळा आहे."

बाईंचे डोळे मोठे झाले. "तुम्ही पाहिलाय?"

"मी नाई. माझ्या बायकोनं पाहिला. चाळीस वर्षं माझ्या घरात त्याच्या गोष्टी झाल्या."

ही चाळीस वर्षांची गोष्ट खरी होती. आमच्यात बाप्ये माणसं डोहात जाळं टाकतात आणि बायका काठचे दगड उलथून हाताने मासे धरतात. भागी संध्याकाळी टोपली घेऊन आली की सांगे, "आज चार बाप्ये भेटले, सोडून आली." मी म्हणे, "सोडलेले मासे मोजत बस, त्यांचंच कालवण कर." ती कधी चिडली नाही. बाप्या घरी कधी आला नाही, म्हणून मी कधी पाहिला नाही. खाण्यासारखा नसेल असं धरून चाललो.

बाईंनी वहीत लिहिलं, 'बाप्या, वेगळा मासा, पाहायचा आहे.' लिहून टाकल्यावर मला जरा धाकधूक झाली. पण शब्द गेला होता. आता बाप्या सापडला नाही तर नागपुरात माझी नाही, भागीची गोष्ट खोटी ठरणार होती.

डोंग्यातून चपराळ्याला

आमच्या काठचे दगड गेल्या पुरात वाळूखाली गेले. भागी म्हणायची, बाप्ये खरे तिच्या माहेरी, अहेरीच्या खाली प्राणहितेच्या दगडांत. तिचा भाऊ बिसन त्याच आठवड्यात बांबू घेऊन डोंग्याने आला होता आणि रिकामा परत जात होता. बाईंचा चपराशी तापाने गोंडपिपरीलाच पडला. मी म्हटलं, बाई, आम्ही दोघे म्हातारे आहोत, तुमची हरकत नसेल तर चला. बाईंनी पदर कमरेला खोचला आणि डोंग्यात बसल्या. अशी बाई मी पाहिली नव्हती.

बिसन बोलण्यात तिखट आहे. वाटेत त्याने बरणीचं झाकण उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"भाऊजी, ह्या मासोळीले दारूत बुडवून ठेवलं न जी! मेल्यावर तरी चैन झाली तिची."

"पिऊ नको, मरशील," मी म्हणालो.

"मग तुमाले जावई म्हणून बोलवन कोन?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "बिसनभाऊ, ती दारू नाही, औषध आहे, आणि तो मासा मला मुलासारखा आहे." बिसनने बरणी दोन्ही हातांनी परत दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चपराळ्याच्या संगमाशी आलो. इथे वर्धा येऊन वैनगंगेला मिळते आणि पुढे दोघींचं नाव प्राणहिता होतं. वर्धेचं पाणी काळ्या मातीतून येतं, ते थोडा वेळ वेगळं दिसतं, मग कुठे मिसळलं ते कळत नाही. देवळाच्या पायरीवर बसून आम्ही भाताची पेज आणि जवसाची चटणी खाल्ली. बाईंना चटणी झोंबली, पण त्यांनी दुसऱ्यांदा मागितली. पलीकडच्या काठाला पूर्वी निजामाचा मुलूख होता. आता काय म्हणतात ते म्हणोत, बिसन अजून 'मोगलाई'च म्हणतो.

तिथे एक फजिती झाली. बाईंनी ओल्या वाळूत उमटलेले पंजे बघितले आणि वाकून फुटपट्टीने मोजायला लागल्या. म्हणाल्या, कुत्र्याचे बरेच मोठे आहेत. बिसन म्हणाला, "होय बाई, पट्ट्याचं कुत्रं आहे. आता डोंग्यात बसाल का, का त्याले पन फुटपट्टी लावता?" बाईंची फुटपट्टी वाळूतच राहिली, ती आणायला मला परत जावं लागलं. वाघाच्या भीतीने मी सारखा मागे बघत होतो हे मी कोणाला सांगितलं नाही, इथेच लिहितो.

भागीचं माहेर

तिसऱ्या दिवशी दगडांची रांग दिसू लागली. आमच्याकडे नदी म्हणजे वाळू. इथे अर्ध्या पात्रात काळे खडक बसलेले, म्हशींचा कळप पाण्यात बसावा तसे, आणि त्यांच्यामधून पाणी फटीफटीने वाहतं. उन्हात खडकाला हात लावला तर भाजे. खालचं पाणी मात्र गार. काठावर मोहाची झाडं, पलीकडे सागाचं रान.

बिसनच्या दारात त्याच्या बायकोने माझे पाय धुतले. मी पाय मागे घेतला. म्हणालो, "आता कशाले वो? जिच्यासाठी जावई होतो ते तर गेली."

ती म्हणाली, "बाई गेली म्हनून जवाई जाते का?" आणि पाय धरून धुतलाच. आमच्या गावाकडे हे नाही. आमच्याकडे बायको गेली की सासरची वाट हळूहळू मोडते. मी आत जाऊन जरा वेळ भिंतीकडे तोंड करून बसलो.

जेवायला अंबाडीची भाजी, भात आणि टेंभरं. बाईंनी टेंभुर्णीचं फळ पहिल्यांदा खाल्लं आणि बिया धुऊन कागदात बांधल्या. त्यांना दिसेल ते बांधून न्यायची खोड आहे.

मंगलीचा दगड

गावाच्या खालच्या अंगाला, रानाच्या बाजूला गोंडांची वस्ती आहे. तिथली मंगली भागीची लहानपणची सोबतीण. दात नाहीत, पण पाय अजून घट्ट. मराठी ती आपल्या पद्धतीने बोलते. आम्ही दुसऱ्या सकाळी तिच्याबरोबर पाण्यात उतरलो. ती एकेका दगडाखाली हात घालून तोंडाने पुटपुटत पुढे जात होती. एका ठिकाणी थांबली. दगडाची एक कड जराशी उचलली आणि आम्हाला म्हणाली, "खाली बघा. हात नोका लावू."

मी गुडघ्यावर बसून डोकं पाण्याशी नेलं. दगडाच्या खालच्या अंगाला तांदळाच्या कण्यांसारखे दाणे दाट लटकत होते. त्यांच्याखाली एक मासा बसला होता. डोकं रुंद, ओठ जाड, अंगावर काळे ठिपके.

"हा बाप्या," मंगली म्हणाली.

मी झटक्याने मागे सरलो. "हे तर खरबी आहे! रोज जाळ्यात येते ते खरबी!"

बिसनने संधी सोडली नाही. "बाई, लिहून घ्या. तीन दिवस डोंगा वल्हवून आमच्या भाऊजींनी तुमाले खरबी दाखवली. तुमाले नागपुरात चार पैशाले भेटली असती."

 बाईंनी वही उघडली आणि पेन्सिल तशीच धरून उभ्या राहिल्या. 'वेगळा मासा' लिहिलेलं पान समोर होतं. मी म्हणालो, "बाई, खोडा ते. मी खोटं बोललो. भागी पन..." चाळीस वर्षं तिने मला फसवलं असं तोंडातून निघणार होतं.

मंगली माझ्याकडे बघत होती. तिने कपाळाला हात लावला. "काऊन रे जवाई? तुले भागीनं नाई सांगितलं? बाप्या म्हनजे बाप्या! बाईमानूस नोय, बाप्यामानूस. खरबीचा नवरा!"

एवढं साधं होतं. आम्ही बाप्ये माणसं सगळ्याच माशांना 'ती खरबी' म्हणतो. जाळ्यात शंभर आल्या तरी त्यात कोण नवरा, कोण बायको, हे कोणी कधी बघितलं नाही. बायकांनी बघितलं. अंड्यांवर बसलेला असतो तो नर असतो म्हणून त्याला बाप्या म्हटलं. मी ते माशाच्या जातीचं नाव समजलो. घरात चाळीस वर्षं माझ्यासमोर सरळ मराठीत बोललेला शब्द मला कळला नव्हता.

पण बाई शिकलेल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मंगलीबाई, हा नरच आहे कशावरून? अंडी घातलेली मादीही बसू शकेल."

"पोट बघ ना," मंगली म्हणाली. "मागच्या भोकापाशी बघ. सुई असल तं बाप्या. दाना असल तं माय."

सुई आणि दाणा! हे मी ऐकलेलं होतं. आमची पोर लहान असताना भागी तिला टोपलीतले मासे उलटे करून दाखवी आणि विचारी, सुई का दाना? पोर ओरडून सांगे आणि दोघी हसत. मला तो पोरखेळ वाटला होता. मी हुक्का ओढत बसलेला असे.

बाईंनी काचेचा मोठा पेला पाण्यात घातला. मी हात घातला तर मासा पळाला नाही, उलट माझ्या बोटाला चावला. एवढासा जीव, माझं बोट त्याच्याहून मोठं, तरी हटेना. पेला त्याच्यावर सरकवून पाण्यासकट वर उचलला. बाईंनी भिंग लावलं. पेल्याच्या काचेला तो पोटाने चिकटला होता, दोन परांची ती वाटी सरळ दिसत होती, बरणीतल्या समुद्राच्या माशासारखीच. आणि वाटीच्या मागे बारीक, टोकदार सुई.

"नर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "सोमाजीभाऊ, नर आहे हा."

"सोड त्याले आता," मंगली म्हणाली. "अंड्यांचं मायघर उघडं पडलं."

पेला दगडाखाली रिता केला. मासा सरळ अंड्यांखाली गेला आणि शेपटीने पाणी हलवू लागला.

तीन दिवस

आता खरी अडचण आली. बाई म्हणाल्या, नुसतं सांगून साहेब मानणार नाहीत. अंडी राखताना धरलेला मासा बरणीत ठेवून दाखवावा लागेल.

मंगली म्हणाली, "दगडावरचा बाप्या नेत नसतात. पिल्लं निघाली का तो मोकळा. मंग धर, खा, बरनीत घाल, काई कर."

भागी ह्याचसाठी सोडून येत असे. मला दोन्ही कळत होतं. मासा न्यावा तर भागीचा नियम मोडतो. सोडावा तर भागीचं म्हणणं नागपुरात कोणी मानत नाही. मी बाईंना म्हणालो, "बाई, थांबू. पिल्लं निघेपर्यंत इथीच बसू. तुमी डोळ्यानं बघा, चित्र काढा. मग धरू."

"किती दिवस लागतील?"

"तीन, नाई तं चार," मंगली म्हणाली.

बाईंनी बुटांच्या नाड्या सोडल्या. तेच त्यांचं उत्तर.

आम्ही खडकावर पळसाच्या डहाळ्यांची सावली केली. मंगली भोपळ्याच्या तुंब्यातून आंबील आणून पानांच्या द्रोणात वाढी. आमच्याकडे पाहुण्याला पितळेचं भांडं लागतं, नाही तर तो घरी जाऊन बोलतो. इथे द्रोण पिऊन नदीत सोडला की झालं. मला हे जास्त स्वच्छ वाटलं. बाई काचेच्या तळाचा डबा पाण्यावर धरून तासन् तास बघत आणि लिहीत. मीही बघितलं. तो खायला जात नव्हता. झिंगा समोरून गेला तरी हलला नाही. एक दाणा पांढरा पडला, तर तो तोंडाने तोडून बाहेर टाकला. दुसरी खरबी जवळ आली तर अंग काळं करून तिच्यावर धावला. बाई म्हणाल्या, समुद्रातला तोही असंच करतो. कुठे कोकण, कुठे अहेरी, आणि दोघांची एकच रीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला दिसलं की दगडाची वरची कड कोरडी पडली आहे. वैशाखातली नदी, दिवसाला दोन बोटं उतरत होती. समुद्राचं पाणी उतरून परत येतं. आमचं उतरलेलं मृगाशिवाय येत नाही. अंडी उघडी पडली असती तर सगळंच संपलं. मी बिसनला हाक मारली.

"ऊठ. बांध घालायचा आहे."

"माशासाठी बांध? भाऊजी, तुमच्या शेताले कधी घातला नाई!"

"माझ्याकडे शेत कुठी आहे? ऊठ, साल्या!"

तो शिव्या देत उठला, पण त्याने माझ्यापेक्षा जास्त दगड वाहिले. वरच्या धारेतून हातभर पाट काढला, खालून दगड, वाळू आणि चिकणमातीचा अर्धगोल बांध घातला. धार इतकी राखली की पाणी खेळतं राहील आणि अंडी धुऊन जाणार नाहीत. हे बाईंना जमलं नसतं आणि त्यांच्या साहेबांना तर नाहीच. हे धिवराचं काम. दिवस मावळता पाणी चार बोटं चढलं आणि मासा परत शेपटी हलवू लागला. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही वाचवलंत." मी म्हणालो, वाचवणारा तो आत बसला आहे, आम्ही नुसते त्याचे गडी.

तिसऱ्या दिवशी दाण्यांत काळे ठिपके दिसू लागले. बाई म्हणाल्या ते डोळे आहेत. म्हणजे दगडाखाली शेकडो डोळे आमच्याकडे बघत होते. बिसनने डबा डोळ्यांशी धरला तो दिवस मावळेपर्यंत परत दिला नाही.

मोकळा

चौथ्या सकाळी दगडाखाली रिकामी टरफलं हलत होती. पिल्लं केसाएवढी, पाण्यात दिसत नव्हती, फक्त उन्हात कधी चमकत. आम्ही बांधाला खिंड पाडली. पाण्याबरोबर ती चमक बाहेर गेली.

तो मात्र तिथेच होता. पोट आत गेलेलं, अंगाचा काळेपणा उतरलेला. बाईंनी जाळी हातात घेतली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल म्हातारा नको म्हणेल. मी धिवर आहे. माशासाठी रडत नाही. मी स्वतः ओंजळीने त्याला धरला. चावला नाही. राखायला काही उरलं नव्हतं.

"घ्या बाई. आता भागीची ना नाई."

समुद्रातल्या माशाच्या बरणीशेजारी दुसऱ्या बरणीत तो उतरला. बाईंनी वहीतलं 'वेगळा मासा' खोडलं आणि बरणीवर चिकटवायला चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता वाचत होत्या. "खरबी. नर. अंडी राखताना पाहिलेला. प्राणहिता, अहेरीखाली. बायकांतलं नाव बाप्या. सुई आणि दाण्याची खूण दाखवली मंगलीबाईंनी. आणि माहिती सांगणाऱ्या... सोमाजी धिवर यांची पत्नी..."

"थांबा," मी म्हणालो. "सोमाजीची बायको असं नका लिहू."

"का हो?"

"सोमाजीले काई मालूम नव्हतं. त्यानं तं तुमाले चुकीचं सांगितलं. ज्याले मालूम होतं त्याचंच लिहा."

बाईंनी माझं नाव खोडलं. चिठ्ठी नवी घेतली. शाईची बाटली बिसनने धरली. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'भागाबाई', आणि खाली तिच्या माहेराचं नाव. मी अक्षर न् अक्षर लावून वाचलं. शाई वाळेपर्यंत चिठ्ठी मीच धरून बसलो, मग बाईंना म्हणालो, आता चिकटवा, नीट, पाण्याने सुटणार नाही अशी.